आपत्तीचा मुहूर्त

येणाऱ्या आपत्तीची तारीख कृपया आगाऊ कळवावी, असं सरकारी पत्र बोरखेडीच्या शालिग्राममास्तरांच्या हाती पडलं, तेव्हा आपण सेक्रेटरी व्हायला नको होतं अशी शंका त्यांना पहिल्यांदा आली.

तोवर त्यांना ते पद फार आवडत होतं. हेडमास्तरकी संपल्यावर माणसाला घरात कुणी विचारत नाही. बाहेर मात्र ते गावच्या दवाखाना कमिटीचे सेक्रेटरी होते आणि दवाखानाही साधा नव्हता. शेजारच्या कापसाच्या जिनात सरकी काढायचं इंजिन होतं, त्याला डायनामो जोडलेला होता, आणि जिनाच्या शेठजींनी धर्म म्हणून एक तार दवाखान्यावर टाकून दिली होती. अनसिंगपासून शेलूबाजारापर्यंत विजेचा दिवा असलेला दवाखाना हाच, असं मास्तर सांगत. कुणी पडताळून पाहिलं नव्हतं. पाहुणा आला की ते आधी बल्ब दाखवत आणि मग पाणी विचारत.

महायुद्ध चालू होतं. जपानी विमानं वऱ्हाडात येऊन नेमकं काय करणार हे बोरखेडीत कुणाला सांगता येत नव्हतं. मास्तरांचे शेजारी नानाजी म्हणत की त्यांचा डोळा सरकीवर आहे. नानाजींनी वाशीमच्या कोर्टाबाहेर बसून जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले होते. त्यामुळे कोणत्याही प्रश्नावर त्यांच्यापाशी उत्तर नसलं तरी मसुदा तयार असे.

तर त्या दिवसांत एकाच डाकेनं मास्तरांना दोन हुकूम आले. पहिल्यात म्हटलं होतं की आपत्तीच्या वेळी दवाखान्यासारख्या अत्यावश्यक संस्था अंधारात राहता कामा नयेत. सबब नेहमीच्या उजेडाखेरीज दुसरा, स्वतंत्र उजेड सदैव तयार ठेवावा. दुसऱ्यात म्हटलं होतं की दवाखान्याचा उजेड बाहेरून दिसता कामा नये. सबब खिडक्यांना काळा कागद चिकटवावा. मास्तरांनी दोन्ही हुकूम उलटसुलट क्रमानं वाचून पाहिले. अर्थ तोच निघाला.

"म्हंजे उजेड ठिवाचा का नाही ठिवाचा?" त्यांच्या पत्नीनं, रुख्मिणीबाईंनी, विचारलं.

"ठिवाचा. पण कोणाले सांगाचा नाही."

काळा कागद मास्तरांनी स्वतः चिकटवला. खळ घरची, गव्हाच्या पिठाची, चांगली घट्ट शिजवलेली. हेडमास्तर असताना शाळेचे नकाशे त्यांनी याच खळीनं चिकटवले होते आणि ते अजून निघालेले नव्हते. दुसऱ्या उजेडाचं मात्र पुढं पाहू, असं त्यांनी ठरवलं. सरकारी कागदाला थोडं मुरू द्यावं लागतं, हे त्यांचं नोकरीतलं शिक्षण.

पण त्याच सुमारास त्यांची मुलगी मनकर्णा पहिल्या बाळंतपणाला मेडशीहून माहेरी आली. दवाखान्याच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मास्तरांना व्हरांड्यात बोलावून घेतलं.

"मूल पोटात आडवं आहे," डॉक्टर म्हणाले. "फिरवून घ्यावं लागेल. ते मी करीन, पण घरी नाही, इथेच. आणि मला भरपूर उजेड लागेल. अंधारात मी या केसला हात लावणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"उजेड आहे की. बल्ब आहे."

"जिन बंद असलं तर?"

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. मनकर्णा त्यांची एकुलती एक. सरकारचा हुकूम त्या दिवसापासून त्यांना सरकारचा वाटेनासा झाला. आता तो त्यांच्या घरचा झाला होता.

नानाजींनी सल्ला दिला. "दुसरा उजेड पाह्यजे ना? मंग दुसरी तार टाका. एक तुटली तं दुसरी हाजर." मास्तरांना ते पटलं. शेठजींची मनधरणी झाली, कमिटीचा ठराव झाला, आणि दुसरी तार वेगळ्या वाटेनं, मागच्या कडुनिंबावरून आली. मास्तरांनी अभिमानानं डॉक्टरांना ती दाखवली.

"ही कुठून आणली?" डॉक्टरांनी विचारलं.

"जिनातून."

"आणि पहिली?"

"तीबी जिनातून."

डॉक्टर आत निघून गेले. कडुनिंबावरची तार काढायची तर पुन्हा ठराव करावा लागला असता, म्हणून ती तशीच राहिली आणि तिच्यावर रोज संध्याकाळी साळुंक्या येऊन बसू लागल्या. गावातली माणसं दवाखान्यावरून जाताना वर बघून हसत. मास्तर खाली बघून चालत.

मग राकेल. युद्धामुळं राकेल मोजून मिळे, जास्तीचं हवं तर तालुक्याच्या कचेरीत अर्ज. नानाजींनी मसुदा केला: 'आपत्तीप्रसंगी दवाखान्यात कंदील लावणेकामी.' त्यावर आलं ते सुरुवातीला सांगितलेलं पत्र, आपत्तीची तारीख कळवण्याबद्दलचं. मास्तर गोंधळले. पण सरकार विचारतंय म्हणजे त्यामागं काही कारण असणार. त्यांच्या डोक्यात एकच तारीख होती. त्यांनी लिहिलं, 'फाल्गुन शुद्ध पक्षाचे अखेरीस.' कचेरीनं उलट विचारलं, 'आपत्तीचा प्रकार?' खोटं लिहायची मास्तरांना सवय नव्हती. त्यांनी लिहिलं, 'पहिलटकरीण.' त्यावर उत्तर आलं की ही आपत्ती कोणत्याही सदरात बसत नाही, तरी अर्जदारानं योग्य आपत्तीसह पुन्हा अर्ज करावा.

योग्य आपत्ती कुठून आणायची, हे नानाजींनाही सुचलं नाही. पण त्यांना सायकल सुचली. पोस्टमनच्या सायकलला डायनामो होता. मागचं चाक स्टँडवर अधांतरी ठेवून पायडल मारलं की पुढचा दिवा लागायचा. नानाजींचं म्हणणं, हा उजेड स्वतंत्र आहे, त्याला ना जिन लागतं ना राकेल. लागतो फक्त माणूस. ते खरं होतं, पण तो माणूस कोण, हा प्रश्न निघाल्यावर नानाजींचे गुडघे दुखू लागले. पोस्टमन म्हणाला, सायकल देतो, पाय माझे सरकारचे आहेत. शेवटी मास्तरच चढले. धोतराचा सोगा कमरेला खोचून, डोक्यावर काळी टोपी नीट बसवून, दवाखान्याच्या मधल्या खोलीत ते जिवाच्या आकांतानं पायडल मारू लागले. दिवा लागला. भिंतीवर एवढासा पिवळा गोल पडला. डॉक्टर म्हणाले, सावकाश मारा, थरथरतोय. सावकाश मारलं की तो विझे.

तालुक्याहून पाहणीला आलेले साहेब नेमके तेव्हाच दारात उभे राहिले. मास्तरांची पाठ दाराकडे होती.

"कुठं निघालात?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांना वाटलं नानाजीच थट्टा करताहेत. "मसणात," ते म्हणाले आणि पायडल मारत राहिले.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. साहेब सज्जन होते. त्यांनी शेऱ्यात एवढंच लिहिलं की सेक्रेटरींचा उत्साह चांगला आहे, व्यवस्था नाही. मास्तर आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. सायकल पोस्टमननं परत नेली.

राहता राहिल्या गॅसबत्त्या. त्या सगळ्या पंचक्रोशीत एकाच माणसाकडे होत्या, सैफुद्दीनकडे. चकचकीत पितळी टाक्या, पांढऱ्याशुभ्र जाळ्या, आणि पेटल्या की अशा फुसफुसायच्या की दिवस उगवल्यासारखं व्हायचं. लग्नसराईत तो त्या गावोगाव न्यायचा. बत्त्यांचं राकेल त्याला कुठून मिळतं, हे कुणी विचारत नसे. लग्नं सगळ्यांच्याच घरी होतात. सैफुद्दीन मास्तरांचा जुना विद्यार्थी, चौथीत दोनदा बसलेला. तो लगेच कबूल झाला. आपत्तीच्या दिवशी बत्त्या आधी दवाखान्याच्या, मग दुसऱ्याच्या.

"पण त्याच दिवशी लगन असलं तं?" मास्तरांनी विचारलं. सायकलीनंतर ते सावध झाले होते.

सैफुद्दीननं बत्तीची काच पुसता पुसता त्यांच्याकडे पाहिलं. "मास्तर, लगन कोन्त्या दिवशी लागते?"

"मुहूर्त असला त्या दिवशी."

"म्हंजे चांगला दिवस पाहून. आमच्यातबी तारीख पाहूनच निकाह होते. मंग चांगल्या दिवशी आपत्ती कायले येईन? आन आली तं तो दिवस चांगला कसा? ज्या दिवशी माह्या बत्त्या बाहेर, त्या दिवशी आपत्ती नाही. ज्या दिवशी आपत्ती, त्या दिवशी बत्त्या घरी. हिसाब साफ आहे."

मास्तरांनी यात खोट शोधली. जन्मभर पोरांच्या गणितातल्या चुका काढलेल्या माणसाला ही चूक सापडेना. ते गावच्या जोशीबुवांकडे गेले. जोशीबुवांनी पंचांग उघडलं, मिटलं आणि थोडं रागावूनच विचारलं, "मी काढलेल्या मुहूर्तावर आजवर काही झालं आहे?" झालं नव्हतं. नानाजी तर खूष झाले. त्यांनी मसुदा केला की दवाखान्याचा पर्यायी उजेड पंचांगाशी जोडला असून तो चुकण्याचा संभव नाही. कचेरीनं तो दाखल करून घेतला. बहुधा तिथंही कुणाला खोट सापडली नसावी.

मास्तर निर्धास्त झाले. मनकर्णेचे दिवस भरत आले आणि गावात रामराव पाटलांच्या जगदेवचं लग्न निघालं. मुलगीही गावातलीच. फाल्गुनातली तिथी, संध्याकाळचा गोरज मुहूर्त, जोशीबुवांच्या मते त्या वर्षातला सगळ्यात निर्मळ दिवस. सैफुद्दीनच्या साऱ्या बत्त्या तिकडे गेल्या. मास्तरांनी त्या जाताना पाहिल्या आणि त्यांना बरंच वाटलं. बत्त्या बाहेर म्हणजे आज आपत्ती नाही.

दुपार कलली आणि मनकर्णेला कळा सुरू झाल्या. तिला दवाखान्यात आणलं. बल्ब लागलेला होता. सोजरबाई सुईण पाणी तापवत होती, डॉक्टर हात धूत होते, सगळं व्यवस्थित चाललं होतं. मास्तर बाहेर व्हरांड्यात बसून आकाशाकडे पाहत होते. आकाशाचा रंग त्यांना आवडला नाही, पण पंचांग आठवून त्यांनी मन आवरलं.

मग गारा आल्या. आधी टपटप, मग लिंबाएवढ्या, मग काही विचारू नका. वारा असा सुटला की जिनावरचे पत्रे उडून आवारात पडले. जिनातल्या माणसांनी घाबरून इंजिन थांबवलं. पहिल्या तारेचा खांब आडवा झाला. बल्ब गेला. पाठोपाठ बाहेरचा उरलासुरला दिवसही गेला, आणि खिडक्यांना तर मास्तरांच्या हातचा काळा कागद.

आतून मनकर्णेची किंकाळी आली.

डॉक्टर बाहेर आले. हातात चोरबत्ती होती. युद्धामुळं तिला नवे सेल मिळत नव्हते, तिचा उजेड विझत्या विडीएवढा. घरातल्या कंदिलाच्या तळाशी काल रात्रीचं थोडं राकेल होतं, तो रुख्मिणीबाईंनी आत नेऊन लावला होता. "मास्तर," डॉक्टर म्हणाले, "एवढ्यावर होणार नाही. थांबताही येणार नाही. तुमची ती व्यवस्था कुठं आहे?"

मास्तरांना त्या क्षणी खोट सापडली. पण वेळ गेली होती.

ते डोक्यावर पाट धरून धावले. वाटेत पाय घसरून पडले, टोपी गेली, चष्मा राहिला. मारुतीच्या पारापाशी पोहोचले तेव्हा गारा थांबल्या होत्या, आणि देवळात दडलेला जगदेवचा परण्या, म्हणजे नवरदेवाची मांडवाकडे जाणारी मिरवणूक, पुन्हा घोड्याभोवती जमत होती. भिजलेला नवरदेव, वाकडं झालेलं बाशिंग, आणि पुढंमागं बत्तीवाल्यांच्या डोक्यावर सैफुद्दीनच्या बत्त्या, एकही न विझलेली.

"सैफू," मास्तर म्हणाले, "आपत्ती."

सैफुद्दीनला कळलं. त्याचं तोंड उतरलं. "मास्तर, नवरदेव निंगाला. एकदा निंगाला का बत्ती त्याले सोडून जात नाही. माह्या बापाचा उसूल आहे."

रामराव पाटील पुढं आले. त्यांना मास्तरांची अवस्था दिसत होती. "मास्तर, तुमची पोरगी ते माही पोरगी. पण नवरदेवाले अंधारात उभं कराचं? लोकं काय म्हनतीन? जल्मभर त्याच्यामागं लागीन ते."

बत्ती नवरदेवाला सोडून येऊ शकत नाही. मनकर्णेला बत्तीशिवाय वाचवता येत नाही. मास्तरांच्या डोक्यात दोन्ही वाक्यं एकमेकांवर आपटत होती आणि त्यांतून, काही सुचलं म्हणून नव्हे तर काहीच सुचत नव्हतं म्हणून, ते रडवेल्या आवाजात बोलून गेले, "मंग नवरदेवाले घेऊन चला."

सगळ्यांनी घोड्यावर पाहिलं. सकाळपासून जगदेवला कुणी काही विचारलं नव्हतं. उठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. तो बाशिंग सावरत म्हणाला, "चला ना. काहून उभे राह्यले?"

"अरे पण मुहूर्त," जोशीबुवा म्हणाले. "गोरज टळेल. तिकडे मांडवात मुलगी..."

"मांडव कोठी राह्यला बुवा?" कुणीतरी मागून म्हणालं. "तो तं गोपीचंदच्या वावरात जाऊन पडला."

मग काही विचारायचं उरलं नाही. दवाखान्याचा व्हरांडा पक्का होता. मुलीकडे निरोप गेला. परण्या वळला. पुढं वाजंत्री, मग बत्त्या, मग घोडा, आणि सगळ्यांच्या पुढं उघड्या डोक्याचे मास्तर, चिखलात पळत. गावाच्या इतिहासात नवरदेवाच्या पुढं इतकं घाईत कुणी गेलं नसेल.

दवाखान्यापाशी नवी अडचण. आत बाळंतपण, आणि बत्तीवाले सगळे गडीमाणसं. सोजरबाई दारात हात पसरून उभी राहिली. "एक पाय आत टाकून पाहा," ती म्हणाली. बत्त्या त्यांच्या हातून दुसऱ्याच्या हाती द्यायला सैफुद्दीन तयार नव्हता. जाळीला धक्का लागला की संपलं. तेव्हा रुख्मिणीबाई बाहेर आल्या. त्यांनी एकदा बत्त्या पाहिल्या, एकदा माणसं पाहिली.

"खिडकीशी उभे राहा," त्या म्हणाल्या, "आन पाठ इकडे करा. बत्ती डोक्यावर आहे ना? मंग तोंडाचं काय काम?"

खरंच होतं. बत्तीवाले खिडक्यांना पाठ करून उभे राहिले. त्यांची तोंडं कडुनिंबाकडे आणि उजेड खिडकीकडे. पण उजेड आत जाईना. काळा कागद! मास्तर खिडकीवर तुटून पडले. खळ घरची होती, गव्हाच्या पिठाची. कागद निघेना. त्यांनी नखं लावली, दात लावले, शेवटी दगडानं काच फोडली आणि सरकारी हुकमासकट तो कागद ओढून काढला. खोलीत पांढराशुभ्र उजेड शिरला.

"हां," आतून डॉक्टरांचा आवाज आला. "आता कुणी हलू नका."

कुणी हललं नाही. नवरीकडची मंडळी आली, नवरीही आली. व्हरांड्यात आंतरपाट धरला गेला. वाजंत्रीवाल्यांनी बिचकून वाद्यं खाली ठेवली होती. रुख्मिणीबाई पुन्हा दारात आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"वाजवा," त्या म्हणाल्या. "पोरीले मोकळेपनानं वरडू द्या. लाजून दात खाऊन राह्यली ते."

वाजंत्री सुरू झाली. जोशीबुवांनी मंगलाष्टकं धरली. मास्तरांच्या हातात कुणीतरी अक्षता दिल्या होत्या. सगळे नवरानवरीवर टाकत होते आणि मास्तर खिडकीवर. ते काय करताहेत हे त्यांना कळत नव्हतं. इतकी वर्षं शाळेत त्यांनी प्रत्येक गोष्टीचं कारण विचारलं होतं, आणि आता ते मनातल्या मनात कसलंही कारण न विचारता सगळ्यांना हात जोडत होते. मारुतीला, पंचांगाला, सैफुद्दीनच्या बापाला, जपान्यांनाही. पोरगी तेवढी राहू दे, बाकी काही मागत नाही.

शेवटचं सावधान झालं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबल्यावर आत कुणीतरी बारीक आवाजात रागावून रडत असल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

गलका उठला. पाटलांनी पेढे काढले. लोक मास्तरांच्या पाठीवर थापा मारत होते, नवरदेवाला सोडून. पण मुलगा की मुलगी, आणि मनकर्णा कशी आहे, हे त्यांना कुणी सांगेना, ज्याला विचारावं तो म्हणे, "तुमाले नाही माहीत?"

"चलतो मास्तर," सैफुद्दीन जवळ येऊन म्हणाला. "नवरदेव निंगाला." आणि नवरदेव निघाला, नवरी निघाली, बत्त्या निघाल्या, वाजंत्री लांब लांब गेली. आतला कंदील आणि चोरबत्ती केव्हाच विझली होती. दवाखान्यावर पुन्हा मिट्ट काळोख झाला.

मास्तर चाचपडत आत गेले. "मनू?"

"बाबा," खाटेवरून आवाज आला. थकलेला होता, पण तिचाच होता.

"हात पुढं करा," रुख्मिणीबाई अंधारातून म्हणाल्या. "नात आहे." आणि त्यांच्या हातांवर काहीतरी ऊनऊन, वळवळणारं ठेवलं गेलं. कुणासारखी दिसते ते दिसायचा प्रश्नच नव्हता. मास्तरांना रडू फुटलं. हेडमास्तर झाल्यापासून ते कुणासमोर रडले नव्हते. इथं कुणाला दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी काही राखून ठेवलं नाही. चष्मा नाकावरून घसरला, नाक वाहू लागलं, तोंड वेडंवाकडं झालं, आणि ते पोटभर रडत राहिले.

तिकडे जिनात पत्रे बाजूला करून इंजिन सुरू झालं होतं. पहिल्या तारेचा खांब पडलेला होता. कडुनिंबावरची दुसरी तार शाबूत होती, हे गावात कुणाच्याच लक्षात नव्हतं, मास्तरांच्याही नाही.

बल्ब लागला.

डॉक्टर, सोजरबाई, रुख्मिणीबाई, मनकर्णा आणि दारात पेढा खात उभे असलेले नानाजी, सगळे सेक्रेटरीसाहेबांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"बंद करा तो दिवा आधी," शालिग्राममास्तर म्हणाले.